खिळा

खिळा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, स्टेपलरच्या शेजारी.
नवऱ्यानं गॅरेजमधून आणून दिलेला,
टोक घासून जरा बोथट केलेला.
फार अणकुचीदार असला तर हात घसरतो
आणि शेजारचं देवाचं गाणंही जातं.

जोहान्सबर्ग रेडिओ, चौथा मजला.
मंगळवारी समिती बसते : पाच पुरुष, पाण्याचा एक जग.
त्याआधी हेडफोन लावून मी गाण्याची ओळ न् ओळ टाइप करते,
तीन प्रतींत.
शब्द कळला नाही की सुई मागे. पुन्हा. सुई मागे.
ही गाणी माझ्याइतकी मन लावून
या देशात कुणी ऐकली नसतील.
पोरं तर नाहीच, ती नुसत्या माना हलवतात.

पाद्री ग्रोबलर म्हणतात,
असलं ऐकून मुलं हाताबाहेर जातात.
मी एकोणीस वर्षं ऐकतेय.
मी कुणाच्या हातात आहे, हे कधी कुणी विचारलं नाही.

पण खोटं कशाला बोलू.
लोरेन्स पंधराचा झाला आणि त्याची खोली आतून बंद झाली.
भिंतीतून फक्त ड्रम येतो,
शब्द पलीकडेच राहतात.
जेवायला हाक मारली तर येतो, पण आलेला नसतो.
त्याच्या भूगोलाच्या वहीत, मागच्या पानावर
एक ओळ सापडली, चारदा गिरवलेली.
फेब्रुवारीत मीच टाइप केलेली,
मीच खिळ्यानं खरवडलेली.
कुठून आणलीस, म्हटलं. आवाज चढवूनच.
"तुझ्याकडून," तो म्हणाला,
"सिग्नलला गाडी थांबली की गुणगुणतेस."

झुलू गाण्यांचं वेगळं. समितीत ती भाषा कुणालाच येत नाही.
दुभाषा आजारी होता एका आठवड्यात,
म्हणून चहावाल्या झोद्वाला उभं केलं,
हातात ट्रे तसाच.
काय म्हणतंय हे?
तिनं शेवटपर्यंत ऐकलं. एक कप सरळ केला.
"लग्नाचं आहे, साहेब. मुलगी सासरी निघालीय.
आईला म्हणतेय, दार लावू नको."
मी टाइप केलं : लग्न.
शिक्का बसला : हरकत नाही.

मग तो हिवाळा.
टीव्ही नवाच होता आमच्याकडे.
पलीकडच्या वस्तीत शाळकरी पोरांच्या अंत्ययात्रा,
गणवेशातली पोरं, खांद्यावर पेट्या.
बातम्यांत आवाज बंद केला होता,
पण तोंडं हलत होती.
मला ओठांवरून कळलं. माझा धंदाच तो.
नवरी कुठेच नव्हती.

अकरा वर्षं झोद्वा माझ्या चहात दीड चमचा साखर घालते.
तिला मुलं किती, मी विचारलेलं नाही.

काल ती तबकडी परत आली, लाल शेरा घेऊन : फेरतपासणी.
पहिला अर्थ कुणी सांगितला, असं विचारलंय.
त्या रकान्यात नाव नाही.
लिहायचं राहून गेलं, की मी लिहिलं नव्हतं,
खरंच आठवत नाही.
झोद्वानं चहा ठेवला. मी कागद उलटा केला नाही,
तिनं बघितलं नाही.
साखर विसरली होती.

रकान्यात मी माझं नाव घातलं, पूर्ण,
माहेरच्या आडनावासकट.
मला झुलूतली मोजून एक ओळ येते.
चौकशी झाली तर म्हणेन, कळलं तसं लिहिलं.
खिळा मात्र चालवावा लागला.
तीनदा, आडवा. त्याचा आवाज दातात राहतो.

संध्याकाळी लोरेन्सला शाळेतून घेतलं.
एम्पायर रोडचा सिग्नल लाल.
मी ओठ मिटून घेतले, हात स्टिअरिंगवर.
समोरून एक बाई मुलाचं बोट धरून सावकाश रस्ता ओलांडत होती.
शेजारच्या सीटवरून,
काचेबाहेर बघत,
अगदी चुकीच्या उच्चारात,
तो म्हणाला ती ओळ.